योहानाने काटेवाल्याला काय सांगितलं असतं?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, मग आम्ही काय करावं? योहान म्हणजे उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा माणूस. तो म्हणेल, सगळं सोडा आणि माझ्यासोबत रानात या, असं आपल्याला वाटतं. तो तसं काहीच म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसणाऱ्याला द्या, म्हणतो. जकातदार पुढे येतात, तर त्यांना नाका सोडायला सांगत नाही. ठरवून दिलंय त्याच्यावर एक पैसा घेऊ नका, एवढंच. शिपाई येतात. त्यांना सांगतो, कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा. ज्याचा जो धंदा, त्याला त्या धंद्याचं उत्तर.

मी काटेवाला आहे. शहादा तालुक्यात रस्त्याला लागून एक खासगी वजनकाटा आहे, साठ टनांचा, तिथे ऑपरेटर. कापूस, मका, ऊस, केळी, आणि दिवाळीनंतर सगळ्यात जास्त पपई. गाडी चढते, मी बटण दाबतो, पावती निघते. बाहेरून बघणाऱ्याला हे काम एवढंच दिसतं. पण योहानाच्या त्या रांगेत मी उभा असतो तर त्याने मला काय सांगितलं असतं, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी माझ्या आजोबांचं सांगतो, कारण माप आणि देव या दोन गोष्टी आमच्या घरात त्यांच्यापासून एकत्र आल्या.

आजोबा नवापूर तालुक्यातले, मावची आदिवासी. तरुणपणी घर सोडून सपाटीवर एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, राहिले. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. थोडे पैसे, कपडे आणि बाकी धान्य, असा सालाचा ठराव. किलोग्रॅम अजून खेड्यात पोचला नव्हता; धान्य शेराने, पायलीने मोजायचे. सालाची ज्वारी द्यायची वेळ आली की मालक पायली भरून वरून काठी फिरवायचा. काठोकाठ, सपाट. पावसाळ्यात घरात दाणा नसला की आजोबा त्याच मालकाकडून उसनं आणायचे, तेही सपाट पायलीने. आणि परत घालायची वेळ आली की मालक शीग लावून, म्हणजे काठाच्या वर रास येईपर्यंत भरून, घ्यायचा. पायली तीच, अंगण तेच, माणसं तीच. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या शिगेत वर्षाला किती ज्वारी जाते ते त्यांना बरोबर कळत होतं. बोलायची सोय नव्हती.

पुढे त्यांना ताप आला, काही केल्या उतरेना, म्हणून भावकीतल्या लोकांनी बैलगाडीत घालून चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात नेलं. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडन-नॉर्वेकडचे मिशनरी येऊन राहिले होते, त्यांच्या कामाचा विस्तार नवापूर भागात झालेला होता. दवाखान्याच्या ओसरीवर संध्याकाळी कुणीतरी शास्त्र वाचायचं. त्या संध्याकाळी आमोस संदेष्ट्याचा आठवा अध्याय निघाला. गरिबांना तुडवणारे व्यापारी म्हणतात, अमावास्या कधी सरेल, शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी संपेल, म्हणजे आम्हाला धान्य विकता येईल; माप लहान करू, मोल मोठं करू, खोट्या तराजूने फसवू, गव्हाचं भुसकटसुद्धा विकून टाकू. आणि देव म्हणतो, यांचं हे कृत्य मी कधीही विसरणार नाही.

आजोबांनी वाचणाऱ्याला ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "देवाले पायली माहीत शे?"

आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मला तो आवाज ऐकल्यासारखा वाटतो. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोक विचारतात, तुम्हाला काय मिळालं होतं? चपला, गहू, नोकरी? आजोबा पुढची आखाजी आली तेव्हाही सालदारच होते. त्यांना एवढं मिळालं की आकाश आणि पृथ्वी करणाऱ्याचं लक्ष त्या अंगणातल्या पायलीवर आहे. मला आजही माझ्या श्रद्धेचा पाया विचारला तर मी हेच सांगेन. मोठमोठे सिद्धान्त मी संडे स्कूलमध्ये पाठ केले, ते मला प्रियही आहेत, पण माझं मन जिथे टेकलं ती जागा ही.

आता काट्यावर वजन कसं मारतात ते सांगतो. ज्यांचा माल काट्यावर जातो त्यांनी नीट वाचावं.

काट्यात वायर तोडून, चिप बसवून, रिमोट लावून चोरी करणारे लोक असतात, त्यांच्या बातम्या येतात आणि त्यांना पोलीस पकडतात. पण रोजची चोरी त्याहून साधी असते आणि तिला कुणी चोरी म्हणतसुद्धा नाही. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे मालाचं वजन. या दोन आकड्यांपैकी एक जरी हलवला तरी काम झालं. कापसाची गाडी आधी भरून येते, मग रिकामी. मध्ये डिझेलची टाकी फुल केली की रिकाम्या गाडीचं वजन वाढलं आणि तेवढा कापूस कागदावरून उडाला. लिटरला साधारण साडेआठशे ग्रॅम धरा. दोनशे लिटर म्हणजे जवळजवळ पावणेदोन क्विंटल कापूस. पपईचं उलट. ट्रक आधी रिकामा वजन करून शेतात जातो, मग भरून येतो. तिथे रिकाम्या वेळी गाडी जड दाखवायची असते: क्लीनर, मजूर, पाण्याचे ड्रम, सुटे टायर सगळं वर, आणि भरून आल्यावर यातलं बरंच काही खाली. रद्दीचे गठ्ठे मात्र रिकाम्या वजनात असायलाच हवेत, कारण प्रत्येक फळ त्या कागदात गुंडाळून त्याच गाडीतून दिल्ली-राजस्थानकडे जातं. ते धरणं बरोबर आहे. एखादं चाक प्लॅटफॉर्मच्या कडेवर अर्धं बाहेर ठेवणं, प्लॅटफॉर्म आणि फ्रेमच्या फटीत दगड अडकणं (किंवा अडकवणं), गाडी न आणताच "मागच्या वेळचं रिकामं वजन टाक ना" म्हणणं, हे सगळं दर हंगामात बघतो.

तेव्हा काट्यावर गेलात तर गाडी चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे का बघा. चारी बाजूंनी फिरून चाकं बघा. ड्रायव्हर खाली तर दोन्ही वेळा खाली, वर तर दोन्ही वेळा वर. आणि वैधमापनशास्त्र खात्याचं पडताळणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, त्याची तारीख वाचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. हे विचारायला कुणाला लाजायचं कारण नाही. चांगल्या काटेवाल्याला राग येत नाही.

तर मी काय करतो? आमच्याकडे पूर्वी डिस्प्ले फक्त खोलीच्या आत होता. मी मालकांच्या, म्हणजे आबांच्या, मागे लागून बाहेर मोठा डिस्प्ले लावून घेतला, शेतकऱ्याला उभ्या जागेवरून दिसेल असा. पावतीची एक प्रत शेतकऱ्याच्या हातात देतोच देतो, मग माल कुणीही आणलेला असो. आणि वजन मोठ्याने वाचतो. पावती वाचता न येणारी माणसं अजून येतात. आजोबांसारखी माणसं. त्यांच्यासाठी भरलेलं, रिकामं आणि मालाचं, हे तिन्ही आकडे वाचायला मला पाव मिनिट लागतं.

आबा गुजर समाजातले, माळकरी, कांदा-लसूणही न खाणारे. त्यांनी डिस्प्लेचे पैसे कुरकुर न करता दिले, वर म्हणाले, "मना काटावरथून कोणी रडत जावाले नको." हे मुद्दाम लिहितो आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, काही जण असं बोलतात की खरेपणा ही जणू फक्त ख्रिस्ती माणसाची मिरास आहे. मला हे पटत नाही. मी ज्या माणसाच्या हाताखाली काम करतो तो ख्रिस्ती नाही, आणि त्याचा खरेपणा नसता तर माझा खरेपणा दोन महिनेही टिकला नसता, नोकरीच गेली असती. माझ्या विश्वासाने मला आबांपेक्षा वर नेऊन ठेवलेलं नाही. मी उभा कुणापुढे आहे, हे त्याने मला सांगितलं आहे.

पण नुसतं खरं वजन करून भागतं का? हा प्रश्न मला एका पहाटे पडला, आणि तो सगळ्यात अवघड निघाला.

जानेवारी होता. तोरणमाळकडून येणारं वारं खाली सपाटीवर उतरलं की शहाद्याच्या शिवारात पहाटे हात बधिर होतात. पाचच्या सुमाराला पपईचा रिकामा ट्रक आला. मी नेहमीसारखा टॉर्च घेऊन बाहेर गेलो, मागचा फाळका बघितला, तर आत ताडपत्रीखाली तोडणीचे मजूर. बाया, दोन-तीन पुरुष, एका बाईच्या कुशीत लेकरू. धडगावकडची पावरा माणसं. रद्दीच्या गठ्ठ्यांना टेकून, एकाच ताडपत्रीत गुंडाळून बसली होती, म्हणजे उबेला. यात चोरीचा कुणाचा विचार होता असं मला वाटत नाही. त्यांना शेतात जायचं होतं, ट्रक शेतात जात होता, ते बसले.

पण वजन तर वाढणारच. सात-आठ माणसं म्हणजे साडेतीन-चार क्विंटल. किलोला दहा रुपये भाव धरला तरी शेतकऱ्याचे साडेतीन-चार हजार गेले. तो शेतकरी अजून झोपेतून उठला असेल-नसेल. त्याच्या वतीने काट्यावर कोणी नव्हतं.

मी मुकादमाला म्हटलं, सगळ्यांना खाली उतरावं लागेल. मुकादम म्हणाला, "भाऊ, त्यास्ले खाले उतारू नको, थंडी शे. दोन मिनिटनं काम शे." आणि तो खरं बोलत होता. थंडी होती. लेकरू होतं. माझ्या एका बाजूला न दिसणारा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यांसमोर कुडकुडणारी माणसं, आणि ही माणसं माझीच. माझी बोली मावची, त्यांची पावरी, पण अर्धं तरी एकमेकांचं कळतं. आजोबांसारखी हीसुद्धा डोंगर उतरून दुसऱ्याच्या शेतात राबायला आलेली.

उतरवलं. वजन केलं. पुन्हा चढवलं. ती बाई लेकराला छातीशी धरून, एक शब्द न बोलता, फाळक्यावरून खाली आली आणि परत वर गेली. तिचे पाय अनवाणी होते आणि प्लॅटफॉर्मच्या लोखंडावर दव साचलं होतं.

न्याय केला, असं मला म्हणता आलं असतं. पण मीखा संदेष्टा एका वाक्यात तीन गोष्टी मागतो: न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल. पहिली करून दुसरी राहिली तर हिशेब पुरा होत नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत पोषण आहार शिजवते. रोज शे-दीडशे पोरांची खिचडी. तिला अशा गोष्टींत फार बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "मग त्यांना उभं राहायला जागा करा ना."

आता काट्याच्या कडेला पत्र्याचं शेड आहे. तिन्ही बाजूंनी पत्रा, खाली जुन्या फरशा, एक बाकडं. पत्रे आबांच्या जुन्या गोठ्याचे निघाले, वेल्डिंग आमच्या मंडळीतल्या एका भावाने फक्त रॉडचे पैसे घेऊन करून दिलं. हंगामात पहाटे चारलाच मी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून शेकोटी करून ठेवतो. पऱ्हाटी छान पेटते, धूर कमी होतो. मजूर उतरतात, हात शेकतात, तोवर वजन होतं. मुकादमांनाही आता सवय झाली आहे. ट्रक थांबला की तेच हाक देतात, उतरा रे, शेकून घ्या. चहा ठेवता येईल का ते बघतो आहे, पण काट्याच्या खोलीत गॅस ठेवायचा नाही असं आबांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे.

शिपायांना दिलेलं उत्तर, पगारात समाधानी राहा, ते मला सगळ्यात जास्त टोचतं. आमच्या पगाराला समाधानी राहणं हे उपदेश करणाऱ्यालाच सोपं वाटावं. पोरीचं नर्सिंगला ॲडमिशन झालं त्या वर्षी फीचा हप्ता जूनमध्येच भरायचा होता, आणि जून महिन्यात काट्यावर काही नसतं. नेमकं तेव्हा एकाने जाता जाता सांगितलं, पुढच्या हंगामात आमच्या गाड्यांकडे जरा बघून घ्या, आम्ही आत्ताच तुमचं बघतो. आकडा सांगितला. तो फीच्या हप्त्यापेक्षा मोठा होता. मी नाही म्हणालो, पण रात्रभर तो आकडा डोक्यात फिरत राहिला. सकाळी बायकोला सांगितलं. तिने पिठाचा हात पुसला आणि म्हणाली, "आपण प्रार्थनेत मागितलेले पैसे हे नव्हेत." हप्ता आम्ही तिच्या बचत गटातून कर्ज काढून भरला आणि दीड वर्ष फेडत बसलो. प्रार्थनेचं उत्तर म्हणून कुणी पाकीट आणून दारात ठेवलं, असं काही झालं नाही. काही बंधू-भगिनी मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, अशा गोष्टी सांगतात आणि त्यांच्या बाबतीत ते खरं असेल. आमच्या बाबतीत उत्तर म्हणजे गटाच्या बायका होत्या, ज्यांनी व्याज लावलं पण नाव ठेवलं नाही.

चहापाण्याची नोट पावतीबरोबर सरकवणारे रोज असतात. ती मी परत करतो, पण आवाज न करता. चारचौघांत "मी घेत नाही" असं मोठ्याने बोललं की समोरच्याचा अपमान होतो आणि आपली मात्र जाहिरात. नोट पावतीत दुमडून पावतीसकट त्याच्या हातात ठेवायची. बहुतेकांना कळतं.

रविवारचं थोडक्यात. हंगामात काटा चोवीस तास चालतो, म्हणून मी शनिवारची रात्रपाळी घेतो आणि रविवारी सकाळी उपासनेला जातो, डोळे चुरचुरत. दिवाळी, आखाजी, पोळा, कानबाईचा रोट या दिवशी मी काट्यावर असतो म्हणजे बाकीच्यांना घरी राहता येतं. नाताळ आणि गुड फ्रायडेला ते असतात. एकदा ठरलं, ते तसंच चाललंय.

आमच्या काही लोकांना माझा एक राग आहे. काट्यावर एवढी माणसं येतात, तू त्यांना सुवार्ता सांगत नाहीस, पत्रिका ठेवत नाहीस, साधं वचन भिंतीवर लावत नाहीस. मी लावत नाही, हे खरं आहे. त्यात भीतीचा भाग किती, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. आजकाल धर्मांतराच्या नावाने वातावरण कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण खरं कारण निराळं आहे. काट्यावर आलेला माणूस माझ्यावर अवलंबून असतो. त्याच्या मालाचा आकडा माझ्या बोटाखाली असतो. अशा वेळी मी त्याला प्रभूबद्दल सांगायला लागलो तर तो ऐकेल, मान डोलवेल, कारण त्याला पावती हवी आहे. असं ऐकणं मला नको आहे. कोणी आपणहून विचारलं तर मी शेडमधल्या बाकड्यावर बसून तासभरही बोलतो, काम संपल्यावर. विचारणारे येतात. एका कापूसवाल्या पाटलांनी विचारलं होतं, तुमच्या शास्त्रात वजनाबद्दल आहे म्हणतात, ते काय? मी नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय काढून पहिलं वचन वाचून दाखवलं: खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, पुऱ्या वजनाने त्याला आनंद होतो. मग बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातलं, थैलीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नका, तेही वाचलं. ते म्हणाले, "हाई ते बाजार समितीमा लावाले पाहिजे." मी त्यांना लिहून दिलं.

उलट माझी मंडळीकडेच एक मागणी आहे. आमच्या साक्षींमध्ये ताप उतरतो, कोर्टाचा निकाल लागतो, पोराला नोकरी लागते. उपवास-प्रार्थना होतात, कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या मेळाव्याला, मांडव पडतो, मी स्वतः मांडवाच्या कामाला असतो आणि मला ते दिवस आवडतात. पण रेशन दुकानात काम करणाऱ्या माणसाने उभं राहून सांगावं, मी तांदूळ कसा मोजतो. ग्रामपंचायतीतल्या भावाने सांगावं, घरकुलाच्या यादीत त्याने काय केलं. सावकारी करणाऱ्याने सांगावं. लूकमधल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने सांगितलं होतं. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत. ही पण साक्षच होती, आणि ती ऐकून येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे.

कापणीच्या सणाला मात्र मला फार समाधान वाटतं. लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक मंडळीत आणतात: बाजरीची कणसं, भोपळे, केळीचा घड, गावठी कोंबडी, अंडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. तिथे काटा नसतो. भाजीवाल्या विधवा बहिणीने दोन वांगी ठेवली होती, त्यांना बोली लागत लागत पाचशेवर गेली, आणि बोली लावणाऱ्याच्या घरी परसात वांग्यांचा वाफा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर मी माणसांना जेवढ्यास तेवढं देतो, ते माझं काम आहे. पण प्रभूने सांगितलेलं माप दाबलेलं, हलवलेलं, शीग लावलेलं आहे, ते मला त्या अंगणात दिसतं. आजोबांच्या मालकाने शीग घेतली होती. इथे शीग दिली जाते.

गेल्या महिन्यात आम्ही शनिवारच्या कुटुंब-प्रार्थनेत एक गोष्ट सुरू केली. लूकचे ते वचन वाचायचे आणि एकाने आपला धंदा सांगून विचारायचं, मी काय करावं? बाकीच्यांनी उत्तर शोधायचं. पहिल्या शनिवारी मी माझं सांगितलं, म्हणजे वर लिहिलं तेच. दुसऱ्या शनिवारी एक तरुण बोलला. बचत गटांना कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीत तो वसुलीला आहे. पाड्यांवर जातो, आठवड्याचे हप्ते गोळा करतो. एका बाईचा नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, उचल संपलेली, तीन हप्ते थकलेले, आणि साहेबाचा निरोप की पैसे घेतल्याशिवाय दारातून उठायचं नाही. तो खालमानेने म्हणाला, जकातदाराला तरी ठरवून दिलेलं घे सांगितलं. मला ठरवून दिलेलंच घ्यायचं आहे, पण ते तिच्याकडे नाहीये.

सगळे गप्प झाले. कुणीतरी म्हणालं नोकरी सोड. त्याची आई तिथेच बसली होती, तिने मान हलवली. त्याच्या पगारावर घर आहे. आणि योहानानेही कुणाला नोकरी सोड म्हटलं नव्हतं.

मग आमच्यातल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत अशा कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करणं हेसुद्धा जाचात धरलं आहे, धमकी-शिवीगाळ तर दूरच. दारात ठिय्या देणं त्याला नाकारता येतं, आणि नाकारताना हातात नियमाचा कागद असू शकतो. दुसरं असं ठरलं की त्याने त्या बाईची खरी परिस्थिती लिहून वर पाठवावी, हप्ते पुढे ढकलून मिळतात का ते विचारावं. बहुतेक वसुलीवाले हे लिहीतच नाहीत, कारण लिहिलं की आपलं काम कमी दिसतं. तिसरं, शेजारच्या गटातल्या बायकांशी माझी बायको बोलणार आहे.

त्याने कागद पाठवला आहे. साहेब चिडले, टार्गेटचं बोलले, पण हप्ता अजून तरी दारात बसून वसूल झालेला नाही. पुढे काय होतं ते बघायचं. त्याच्यासाठी आम्ही रोज रात्री प्रार्थना करतो, नाव घेऊन, आणि त्या बाईसाठीही.

येत्या शनिवारी अंगणवाडीतल्या ताईंची पाळी आहे. हजेरीपटावर न आलेल्या पोरांची नावं भरायला सांगतात, त्याबद्दल विचारायचं आहे असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. बैठक साडेसातला आहे, माझी रात्रपाळी दहाला सुरू होते, म्हणजे वेळ पुरेल.